नाक्यावर न विचारलेला प्रश्न

विंचूर-प्रकाशा रस्त्यानें रात्रीच्या वेळीं सटाण्याकडे येणाऱ्या मनुष्यास नाकाबंदी कांहीं नवीन नाहीं. निवडणूक जवळ आली, एखादा सण तोंडावर आला, अथवा आसपास कोठें दरोडा पडला, म्हणजे रस्त्यावर लोखंडी अडथळे आडवे लागतात आणि हातांत विजेरी घेतलेला शिपाई गाडी थांबवितो. तो परवाना मागतो, गाडीचे कागद पाहतो, मागच्या बाकावर विजेरीचा झोत टाकतो आणि "जा" म्हणतो. हें सर्व दोन मिनिटांत आटोपतें. परंतु या दोन मिनिटांत एखाद्या मनुष्यापुढें असा एक प्रश्न उभा राहतो, कीं ज्याचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत एका ओळींत सांपडावयाचें नाहीं. त्या प्रश्नाचा आज विचार करूं.

समजा, बागलाण तालुक्यांतील एक शेतकरी मालेगांवीं डाळिंबांचा व्यवहार उरकून रात्रीं मोटारीनें घरीं परतत आहे. जवळ रोकड आहे, शेजारीं पत्नी आहे, मागें लहान मूल झोंपलेलें आहे. त्याची वस्ती मळ्यांत, गांवापासून दूर; शेजारच्या मळ्यांत एकदां चोरटे शिरले होते, तेव्हांपासून त्यानें रीतसर अर्ज करून व चौकशीस तोंड देऊन रिव्हॉल्व्हर बाळगण्याचा परवाना मिळविला आहे. तें रिव्हॉल्व्हर आतां त्याच्या कमरेला सदऱ्याखालीं आहे. शिपाई म्हणतो, "काका, लायसन दाखवा." लायसन पाठीमागच्या खिशांत, म्हणजे रिव्हॉल्व्हरापासून चार बोटांवर आहे. शिपायानें शस्त्राविषयीं कांहींच विचारलेलें नाहीं. आतां या मनुष्यानें आपण होऊन सांगावें, कीं गप्प राहून कागद दाखवावे व पुढें चालूं लागावें?

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. कारण जेथें कायदा स्पष्ट बोलतो तेथें नीतीचा वाद बहुधा लहान होतो. आपल्या देशांत शस्त्रांसंबंधीं आज जो कायदा चालतो तो १९५९ सालचा असून १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आहे. त्याच्या १९ व्या कलमान्वयें, शस्त्र घेऊन जाणाऱ्या कोणत्याहि मनुष्याकडे पोलिस अधिकारी परवाना मागूं शकतो. परवाना दाखविला नाहीं तर तो नांवपत्ता विचारूं शकतो व जरूर वाटल्यास शस्त्र ताब्यांत घेऊं शकतो. नांवपत्ता सांगण्याचें नाकारलें, किंवा तो खोटा सांगितला असें मानण्यास कारण असलें, तर वॉरंटावांचून अटकहि करूं शकतो. म्हणजे मागितल्यावर दाखविण्याचें कर्तव्य निःसंशय आहे. परंतु न मागतां सांगण्याचें कर्तव्य या कलमानें लादलेलें नाहीं. उलट २०१६ सालचे शस्त्रनियम असें सांगतात, कीं सार्वजनिक जागीं शस्त्र न्यावयाचें तर तें पूर्णपणें झांकलेलें असावें. तेव्हां सदऱ्याखालीं शस्त्र असणें यांत लबाडी नाहीं. बाजारांतील लोकांनीं भिऊं नये व कोणीं शस्त्र मिरवूं नये, हाच अशा नियमाचा उपयोग. रस्त्यापासून झांकणें हा नियम होय, आणि मागणाऱ्या अधिकाऱ्यापासून लपविणें हा दोष होय. या दोहोंच्या मध्यें, ज्यानें अजून मागितलेलेंच नाहीं अशा अधिकाऱ्यापुढें गप्प बसणें, ही जागा या कलमानें मोकळी सोडली आहे. त्या मोकळ्या जागेंत सदसद्विवेकबुद्धीलाच वाट काढावी लागते.

अन्य देशांनीं ही जागा निरनिराळ्या रीतीनें भरली आहे. अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत, पोलिसानें थांबवितांच परवानाधारकानें आपण होऊन सांगितलें पाहिजे असा कायदा आहे. त्याच्या शेजारच्या ओहायो राज्यांत तसाच नियम होता. परंतु २०२२ सालीं तो बदलून, विचारल्यावर खरें सांगावें, एवढेंच ठेविलें गेलें. एकाच देशांतील दोन शेजाऱ्यांचें मत जुळत नाहीं, यावरून प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

गप्प राहण्याच्या बाजूनें जें बोलण्यासारखें आहे तें प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. कोणी म्हणेल, "शिपायास जें हवें तें त्यानें विचारलें व मीं दिलें. मीं कोणताहि गुन्हा केलेला नाहीं. माझ्या कमरेला काय आहे याची दवंडी मीं प्रत्येक नाक्यावर कां पिटावी?" दुसरा म्हणेल, "सांगितलें कीं 'ठाण्यावर चला' असें उत्तर मिळावयाचें. मग परवाना पाहणें, नोंद करणें, वरिष्ठांस विचारणें, यांत रात्र जावयाची. बायकामुलें उघड्यावर ताटकळावयाचीं. शिवाय रोकड व शस्त्र जवळ असल्याची बातमी चार अनोळखी कानांवर जावयाची." हें म्हणणें केवळ भित्रेपणाचें नाहीं, असा त्रास होतो हें ठाऊक असलेले लोक पुष्कळ आहेत. तिसरा आणखी खोल जाईल. तो म्हणेल, कीं या देशांत शस्त्राचा परवाना ही वस्तु अपमानांतून जन्मली. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत १८७८ सालीं जो शस्त्रांचा कायदा झाला, त्याखालीं हिंदी मनुष्यास परवाना घ्यावा लागे व युरोपियनास सूट असे. ज्या पिढ्यांनीं तें सोसलें त्यांच्या नातवंडांना सरकारी माणसापुढें आपली झडती आपण होऊन देणें जड वाटलें, तर त्यांत नवल नाहीं.

या तिन्ही म्हणण्यांत कांहीं सत्य आहे. तथापि त्या सर्वांत एक गृहीत धरलेलें आहे. तें असें, कीं हा प्रश्न मी आणि सरकार यांच्यामधला आहे. तो तसा नाहीं असें आम्हांस वाटतें. तें कां, तें पुढें सांगूं.

आधीं मौन आणि असत्य यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. न बोलणें म्हणजे खोटें बोलणें नव्हे. आपल्या घरांत किती दागिने आहेत, कोणाला कोणतें दुखणें आहे, कोणाचें कोणाशीं भांडण आहे, हें वाटेवर भेटलेल्या प्रत्येकास सांगत सुटणारा मनुष्य सत्यवादी नव्हे, तर वाचाळ ठरतो. परंतु मौन कधीं कधीं असत्याचें काम करितें. महाभारतांतील "नरो वा कुंजरो वा" ही म्हण आपल्या तोंडीं आहे. द्रोणाचार्यांनीं युधिष्ठिरास विचारलें, आणि त्यानें उच्चारलेला एकहि शब्द शब्दशः खोटा नव्हता. दोष एवढाच, कीं ऐकणाऱ्याच्या मनांत कोणता समज बसणार हें त्याला ठाऊक होतें, आणि तो बसावा अशी त्याची इच्छा होती. त्या समजावर विसंबून आचार्यांनीं शस्त्र खालीं ठेविलें व प्राण गमाविले. यावरून एक कसोटी मिळते. माझ्या न बोलण्यानें दुसऱ्याच्या मनांत एक खोटी निश्चिंतता उत्पन्न होत आहे काय, आणि तिच्यावर विसंबून तो आपला जीव धोक्यांत घालीत आहे काय? याचें उत्तर "नाहीं" असेल, तर मौन निर्दोष आहे. उत्तर "होय" असेल, तर मौनालाहि जाब द्यावा लागतो.

ही कसोटी आपण खेड्यांत रोज लावितों, फक्त तिला नांव देत नाहीं. पाहुणा अंगणांत पाऊल टाकणार तोंच आपण घरांतून ओरडतों, "थांबा, कुत्रा चावरा आहे." त्यानें विचारलेलें नसतें. परगांवचा मनुष्य अंधारांत आपल्या शेतांतून पायवाटेनें निघाला तर आपण हांक मारून सांगतों, "डावीकडून जा, तिकडे बिनकठड्याची विहीर आहे." त्यानेंहि विचारलेलें नसतें; विहीर आहे हेंच ज्याला माहीत नाहीं तो विचारील कसा? जी वस्तु माझी आहे, जिचा धोका मला दिसतो व त्याला दिसत नाहीं, तिची सूचना न विचारतां देणें हा शेजारधर्म होय. ती न देणारा मनुष्य "त्यानें विचारलें कोठें?" असें म्हणूं लागला, तर गांव त्याची समजूत कशी काढील हें सांगावयास नको.

यावर कोणी आक्षेप घेईल, कीं कुत्रा आपण होऊन चावतो व विहींत मनुष्य आपण होऊन पडतो, पण रिव्हॉल्व्हर आपण होऊन उडत नाहीं; तें माझ्या ताब्यांत आहे आणि माझा हेतु शुद्ध आहे, मग धोका कसला? आक्षेप योग्य आहे. परंतु माझा हेतु शुद्ध आहे हें मला ठाऊक आहे, शिपायाला नाहीं. लायसन काढण्यासाठीं मी वळतों, सदरा वर सरकतो, आणि विजेरीच्या झोतांत पितळ अथवा पोलाद चमकतें. त्या एका क्षणांत त्यानें काय समजावें? जी वस्तु सांगून दिसली असती तर ती नुसती माहिती ठरली असती, तीच न सांगतां दिसली म्हणजे धमकी ठरते. धोका शस्त्रांत कमी आणि गैरसमजांत अधिक आहे, आणि तो गैरसमज आधीं दोन शब्द बोलून टाळणें केवळ माझ्याच हातीं आहे.

येथें आपल्या मुलुखाची एक विशेष गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. अमेरिकेंत रस्त्यावर गाडी थांबविणाऱ्या पोलिसाच्या कमरेला पिस्तूल असतें, म्हणून तेथें हा प्रश्न बहुतेक "पोलिसापासून माझा जीव कसा वांचेल?" असाच विचारला जातो. आपल्याकडे नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायाच्या किंवा होमगार्डाच्या हातांत पुष्कळदां काठीच असते. तो नामपुरच्या, ताहाराबादच्या किंवा साक्रीच्या एखाद्या शेतकऱ्याचाच मुलगा असावयाचा. रात्रीं अनोळखी मोटारींच्या खिडकीशीं वाकणें हें त्याचें काम. अशा प्रसंगीं शस्त्र माझ्याकडे आहे, आणि ज्याला आपण सरकार म्हणतों तो मनुष्य माझ्यापुढें निःशस्त्र उभा आहे. म्हणूनच हा प्रश्न मी व सरकार यांच्यामधला नाहीं असें आम्हीं वर म्हटलें. हा दोन माणसांमधला प्रश्न आहे. आणि दोघांपैकीं ज्याच्या हातीं अधिक बळ आहे त्याच्यावर बोलण्याचा भार अधिक आहे.

परंतु सत्य सांगितलें म्हणजे सर्व सुरक्षित होतें, असें जर आम्हीं येथें लिहिलें तर वाचकांची फसवणूक होईल. ६ जुलै २०१६ रोजीं अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत, फाल्कन हाइट्स या गांवीं, फिलांडो कॅस्टिल नांवाच्या ३२ वर्षांच्या कृष्णवर्णीय मनुष्याची मोटार पोलिसानें थांबविली. हा मनुष्य शाळेच्या स्वयंपाकघरांत नोकरीस असे. त्याच्याजवळ परवान्याचें शस्त्र होतें. त्या राज्यांत विचारल्यावर सांगणें एवढीच सक्ति आहे. त्याला विचारलें नव्हतें, तरी आपल्याजवळ शस्त्र आहे असें त्यानें अदबीनें आपण होऊन सांगितलें. पोलिसानें तें काढूं नकोस असें बजाविलें, आणि कांहीं क्षणांत सात गोळ्या झाडल्या. गाडींत त्याची सोबतीण व तिची चार वर्षांची मुलगी बसली होती. पुढल्या वर्षीं, जून २०१७ मध्यें, पंचांनीं त्या पोलिसास निर्दोष ठरविलें. ज्या कुटुंबांचीं मुलें नोकरीनिमित्त तिकडे आहेत, त्यांनीं ही हकीकत जवळून ऐकली असेल. या मनुष्यानें जें करावयास आम्ही सांगत आहों तेंच केलें, आणि तेवढ्यानें त्याचा जीव वांचला नाहीं. तर मग आमच्या म्हणण्याचें काय?

आमच्या मतें या घटनेनें सांगण्याचें कर्तव्य पुसलें जात नाहीं, पण त्याचा दुसरा अर्धा भाग उजेडांत येतो. सत्य सांगणें हें एकट्याचें काम नाहीं. सांगणारा व ऐकणारा या दोघांचें मिळून तें पुरें होतें. ज्याच्यापुढें सत्य सांगावयाचें त्यानें तें सुरक्षितपणें सांगतां येईल असें वागणें, हें त्याचेंहि तितकेंच कर्तव्य आहे. आपल्याकडे याची आठवण ठेवण्यास विशेष कारण आहे. १८७१ सालीं निघालेल्या कायद्याच्या मालिकेनें देशांतील कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविलें. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, पण संशय त्याच दिवशीं रद्द झाला नाहीं. मोठ्या मोटारींत बसलेला वजनदार बागाईतदार "माझ्याजवळ शस्त्र आहे" म्हणाला तर त्याला सलाम मिळावा, आणि तेंच वाक्य एखाद्या पारध्यानें आपला परवाना हातीं धरून उच्चारलें तर त्याला खालीं खेंचावें, असें जेथें घडत असेल तेथें आपण पारध्यास सत्याचा उपदेश करण्यापूर्वीं शिपायास न्यायाचा उपदेश केला पाहिजे. अशा मनुष्यानें भीतीनें तोंड मिटलें तर त्याला आम्ही लबाड म्हणणार नाहीं. ज्याला सत्य बोलण्याची किंमत इतरांहून दसपट द्यावी लागते, त्याच्या मौनाचा कांहीं दोष ती किंमत लावणाऱ्याच्या माथीं जातो.

सटाण्याच्या लोकांस अधिकारी कसा असावा हें दुसऱ्या गांवाहून शिकण्याचें कारण नाहीं. आरम नदीच्या कांठीं ज्यांचें स्मारक आहे ते यशवंत महादेव भोसेकर येथें मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळांत त्यांनीं सरकारी खजिन्यांतील १ लक्ष २७ हजार रुपये उपाशी रयतेस वांटले अशी परंपरा आहे, आणि त्यावरून लोक त्यांना देवमामलेदार म्हणूं लागले. तपासणीच्या वेळीं खजिना भरलेला सांपडला असें जें सांगतात तें प्रत्येकानें आपापल्या समजुतीप्रमाणें घ्यावें. आमच्या विषयापुरती गोष्ट एवढीच, कीं ती वांटणी लपून करण्याजोगी नव्हती. सर्व तालुक्यादेखत खजिना उघडला, आणि जें केलें तें वरिष्ठांपुढें उघडें पडणारच हें जाणून केलें. शिवाय, त्या कचेरीच्या दारांत उपाशी मनुष्यास आपली गरज सांगण्यास भय वाटलें नाहीं. ज्या गांवानें असा अधिकारी दीडशें वर्षें आठवणींत ठेविला, त्या गांवाला नाक्यावरील शिपायाकडून थोडी सभ्यता मागण्याचा अधिकार आहे. आणि त्याच गांवच्या परवानाधारकाकडून थोडा उघडेपणा मागण्याचा अधिकार शिपायालाहि आहे.

आतां ज्याच्याजवळ परवानाच नाहीं त्याचें काय? त्याच्या कमरेला गावठी कट्टा आहे. त्यानें बोलावें काय? आपल्या राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदानें, आरोपी मनुष्यास स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति करतां येत नाहीं, असें संरक्षण दिलें आहे, आणि तें योग्य आहे. नाहीं तर मारून कबुली घेण्याला अंत राहणार नाहीं. परंतु सरकारनें सक्ति करूं नये, एवढ्यावरून आपलें अंतःकरण मोकळें होत नाहीं. अशा मनुष्याचा खरा निर्णय नाक्यावर व्हावयाचा नसून, कट्टा घरांत आला त्या दिवशींच तो व्हावयास पाहिजे होता. सुप्रसिद्ध नट संजय दत्त यांची हकीकत महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. १९९३ सालच्या मुंबईंतील दंग्यांच्या काळांत कुटुंबाच्या जिवाच्या भीतीनें शस्त्र घेतलें, असें त्यांच्या बाजूनें सांगण्यांत आलें. न्यायालयानें त्यांना दहशतवादाच्या आरोपांतून मोकळें केलें, पण बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल २००७ सालीं शिक्षा दिली. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती पांच वर्षें केली, व २०१६ च्या फेब्रुवारींत ते येरवड्याहून सुटले. भीति खरी असेल; तरी लपविलेल्या शस्त्रानें ती भीति कमी झाली नाहीं, उलट तेवीस वर्षें लांबली. ज्या वस्तूविषयीं नाक्यावर तोंड उघडतां येत नाहीं ती घरांत आणण्यापूर्वींच मनुष्यानें थांबावें, आणि आणली असेल तर जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊन ती कायदेशीर रीतीनें हातावेगळी करावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.

आतां पुन्हा त्या शेतकऱ्याकडे येऊं. तो अजून खिडकींतून शिपायाकडे पाहत आहे. आमच्या मतें त्यानें सांगावें. परंतु कसें सांगावें हाहि सांगण्याचाच भाग आहे. गाडी बाजूस घेऊन थांबवावी, आंतला दिवा लावावा, दोन्ही हात चाकावर दिसतील असे ठेवावे. प्रथम "बंदूक" किंवा "रिव्हॉल्व्हर" हा शब्द उच्चारूं नये. प्रथम "परवाना" हा शब्द उच्चारावा. "साहेब, माझ्याकडे शस्त्राचा परवाना आहे. शस्त्र उजव्या कमरेला आहे. लायसन त्याच बाजूच्या खिशांत आहे. हात कोठें न्यावा तें आपण सांगा." एवढें बोलून गप्प बसावें, व शिपायानें सांगितल्यावांचून कमरेकडे हात नेऊं नये. परवान्याचा कागद शस्त्राजवळ न ठेवतां वरच्या खिशांत ठेवावा. निवडणुकीच्या दिवसांत शस्त्र जमा करण्याचा हुकूम मिळाला असेल तर तो पाळावा, म्हणजे हा प्रश्न उद्भवणारच नाहीं. आणि अर्धा तास मोडला, ठाण्यापर्यंत जावें लागलें, तर तो शस्त्र बाळगण्याच्या खर्चांतलाच एक भाग समजावा. परवान्याच्या फीमध्यें तो लिहिलेला नसतो एवढेंच.

शिपायासहि चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण हें पत्र त्याच्याहि घरीं वाचलें जातें. जो मनुष्य न विचारतां आपलें शस्त्र सांगतो त्यानें तुझ्यावर विश्वास टाकला आहे. परवाना पाहा, क्रमांक ताडून पाहा, जरूर तेवढी चौकशी कर. पण खरें बोलल्याबद्दल त्याला ताटकळत ठेवूं नकोस, आणि त्याचे कपडे किंवा त्याची जात पाहून आवाज बदलूं नकोस. आज त्याला पस्तावण्याची पाळी आणलीस, तर तो पुढल्या नाक्यावर गप्प बसेल, आणि तेथें विजेरी घेऊन उभा असलेला तुझाच सोबती अंधारांत त्याच्या खिडकीशीं वाकेल.